मे महिन्यात पाहिलेली जागा

"हात लावू नका!" मी ओरडले. "त्याला ठरवू द्या."

सेल्वमचा अंगठा लाल बटणाच्या जेमतेम वर थांबला. ते बटण दाबलं की यानाचा ताबा आमच्याकडे येणार होता आणि सेल्वमने ते हाताने उडवून धावपट्टीवर आणलं असतं. आपटे सर माझ्या मागे उभे होते. त्यांचा श्वास मला मानेवर जाणवत होता.

"मॅडम, ते धावपट्टीकडे वळत नाहीये," सेल्वम म्हणाला.

"दिसतंय मला."

स्क्रीनवर दोन ओळी आल्या. पहिली, 'डावा फ्लॅप: संशयास्पद'. दुसरी, 'साइट थ्रीकडे जात आहे'. साइट थ्री! माझा जीव भांड्यात पडला. पाच राखीव जागांपैकी तीच सगळ्यात सपाट होती आणि मी तिच्यावर स्वतः चालून आले होते. पुढच्या अर्ध्या मिनिटात हिरवा ठिपका सरळ गेला, खाली आला आणि थांबला. मी मागे वळून सरांकडे बघून हसलेसुद्धा. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

आम्ही काय करत होतो ते आधी सांगते. साधं रॉकेट दिवाळीतल्या बाणासारखं असतं. गेलं ते गेलं. आमच्या संस्थेला हवं होतं ते वर जाऊन परत येणारं, विमानासारखं उतरणारं आणि पुन्हा वापरता येणारं यान. पण पुन्हा वापरायची वस्तू दमते. कुठला सांधा झिजला, कुठला पत्रा थकला हे बाहेरून दिसत नाही. म्हणून यानाच्या अंगाला जागोजागी सेन्सर चिकटवायचे आणि आतल्या कॉम्प्युटरने सतत थरथर, उष्णता, ताण तपासत राहायचं. याला हेल्थ मॉनिटरिंग म्हणतात. थोडक्यात, यानाने स्वतःची नाडी स्वतः बघायची. आणि नाडी बिघडलेली आढळली तर खाली कुणाला न विचारता स्वतःच मार्ग काढायचा, ती ऑटॉनॉमी. विचारायला वेळ नसतो. परतीच्या वाटेवर काही काळ रेडिओही बंद असतो. माझी सात वर्षं या दोन शब्दांत गेली होती.

खऱ्या यानाला अजून अवकाश होता. आमच्याकडे त्याचं लहान मॉडेल होतं, दोन माणसांनी उचलावं एवढं, इंजिन नसलेलं. हेलिकॉप्टरने वर न्यायचं, सोडून द्यायचं आणि त्याने घिरट्या घेत आपलं आपण उतरायचं. याला आम्ही ड्रॉप म्हणायचो. सहा ड्रॉप दुसरीकडे झाले होते. सातव्यासाठी मोकळी, विनावर्दळ धावपट्टी हवी होती, आणि ती मिळाली नेमकी माझ्या जिल्ह्यात, गोंदियाला. माझ्या गावापासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. ऑफिसात मी महिनाभर जमिनीपासून दोन बोटं वर चालत होते. गोरेगावच्या बाजाराला बैलगाडीत बसून जाणारी पोरगी आता गावाच्या डोक्यावरून यान सोडणार होती!

आपटे सर आमचे प्रोजेक्ट डायरेक्टर. पुण्याचे. आवाज कधी चढायचा नाही, त्यामुळे ते रागावलेत की खूश आहेत हे कळायला नवीन माणसाला वर्ष लागायचं. ऑटॉनॉमीवर त्यांचा विश्वास जेमतेम होता. "यंत्राने यंत्रासारखं वागावं," असं ते म्हणायचे. निघण्यापूर्वी त्यांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, "पटले मॅडम, हा ड्रॉप तुमच्या पद्धतीने. यात गोंधळ झाला तर पुढचे सगळे हाताने. ऑटॉनॉमीचा विषय बंद." सेल्वम माझ्या हाताखालचा, कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम त्याने लिहिला होता. उतरायची जागा सपाट आहे ना, झाडं-माणसं नाहीत ना, हे तो कॅमेरा शेवटच्या क्षणी बघायचा. सेल्वम कंत्राटावर होता आणि त्याचं कंत्राट त्या डिसेंबरात संपत होतं.

तर साइट थ्रीकडे आम्ही जीपने निघणार, तोच एक मोटरसायकलवाला धावपट्टीच्या फाटकाशी येऊन थांबला.

"मॅडमजी, वो सफेदवाला जहाज आपका है क्या?"

"हो. काय झालं?"

"कुछ नहीं हुआ. तलाव में बैठा है."

"कुठल्या तलावात? तिथे तलाव नाहीये," मी म्हणाले. अगदी ठामपणे म्हणाले.

तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. मग आपटे सरांकडे बघून म्हणाला, "है ना जी. सिंगाडेवाली बोडी."

बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. पावसाचं पाणी अडवून धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, द्यायला शेतकऱ्यांनी पूर्वापार बांधलेलं. आमच्या भागात गावागणिक बोड्या आहेत. पावसाळ्यात भरतात, धान पिकेपर्यंत उपयोगी पडतात आणि उन्हाळ्यात सुकून खडखडीत होतात. पाणी असेपर्यंत धीवर लोक त्यांत मासे सांभाळतात आणि शिंगाड्याचे वेल सोडतात. शिंगाडा उपासाला खातात तोच. त्याची पानं पाण्यावर एकाला एक लागून पसरतात, इतकी दाट की पाण्याचा टिपूस दिसत नाही. लांबून बघणाऱ्याला छान हिरवळ वाटते.

साइट थ्री मी मे महिन्यात पाहिली होती. दरवर्षीप्रमाणे सुट्टीला गावी आले होते, म्हटलं हेही काम उरकून टाकू. भेगाळलेली, कडक, सपाट जमीन. गावातली मुलं तिथे क्रिकेट खेळत होती. मी चारी बाजूंनी चालले, टाचेने ठोकून बघितलं आणि कागदावर सही केली: 'जागा तपासली. योग्य.' खाली मोठ्या दिमाखात 'स्थानिक माहितीनुसार' असंही लिहिलं. आता दसरा होऊन गेला होता.

आणि त्याहून वाईट म्हणजे ही बोडी मला परकी नव्हती. याच बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून मी लहानपणी फ्रॉकचा ओचा भरून कच्चे शिंगाडे खाल्ले होते. वरचं साल काट्यांसकट दाताने सोलायचं, आतला गर पांढरा, गोड, पाणीदार. जीभ सोलवटायची तरी थांबवत नसे. शाळेला दांडी मारून जायचे म्हणून बाबूजींचा, म्हणजे वडिलांचा, मारही खाल्ला होता. हे सगळं मला आठवत होतं. फक्त ते आणि साइट थ्री एकच आहे हे डोक्यात आलं नाही.

बोडीवर पोचलो. हिरव्या पानांच्या मधोमध आमचं पांढरं मॉडेल बसलं होतं. पंख पानांवर टेकलेले, नाक किंचित वर. बुडालं नव्हतं. वेलींनी त्याला झेललं होतं. आपटे सर पाळीवर उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सुंदर," ते म्हणाले. त्यांचा राग मला कळायला लागून बरीच वर्षं झाली होती.

सेल्वमने बूट काढून पाण्यात पाय टाकला, तेवढ्यात पलीकडच्या काठावरून आरोळी आली.

"ए भाऊ! पाय नोको टाकू वेलीत! काटे हायेत अन् माहा मालबी हाय!"

एक म्हातारा डोंग्यात बसून येत होता. डोंगा म्हणजे एका लाकडात कोरलेली, जेमतेम एका माणसाची होडी. जवळ आल्यावर मी ओळखलं. दसरूकाका नान्हे. ही बोडी बापाच्या काळापासून त्याच्याच घरचे सांभाळत आले होते. मला शिंगाडे देणारा आणि वर बाबूजींकडे चुगली करणारा हाच.

"काका, मी सुनंदा. पटल्यांची."

त्याने डोळे बारीक केले. "बाबूजीची लहानी? अवो, तू काऊन आलीस या दिवसांत? आतं कोनती सुट्टी हाय?"

"सुट्टी नाही. कामाला आले. ते आमचं आहे."

"तुमचं हाय तं माह्या बोडीत कायले सोडलं?"

आपटे सर मध्ये पडले. "हे पहा, आम्हाला ते ताबडतोब बाहेर हवंय. दोरी बांधून जीपने ओढून घेऊ."

"वढू नोका," दसरूकाका म्हणाला. "वेल तुटले तं सारा हंगाम गेला. अन् तुमचा पंखाबी मोडल. मी आनतो. तुमी पारीवर चूप बसा."

आपटे सरांना 'चूप बसा' असं बहुधा शाळा सुटल्यापासून कुणी म्हटलं नसावं. ते बसले.

शिंगाडा तोडायची एक रीत आहे. वेल ओढायचा नाही. एकेक झुबका अलगद उचलायचा, उलटा करायचा, खालची फळं खुडायची आणि झुबका होता तसा पाण्यावर परत ठेवायचा. दसरूकाकाने आमच्या मॉडेलपर्यंत तशीच वाट केली. एक झुबका उलटवला, डोंगा वीतभर पुढे, झुबका परत. पुन्हा दुसरा. मी लहानपणी हे तासन् तास बघत बसायचे. इतक्या वर्षांनी पुन्हा बघत होते, आणि खरं सांगते, त्या क्षणी प्रोजेक्टचं काय होईल यापेक्षा मला बाबूजींची आठवण येत होती. ते जाऊन तीन वर्षं झाली होती. बोडीला पाणी असताना, ते असताना, मी शेवटची कधी आले होते, हे मला आठवेना.

इकडे आपटे सरांनी पाळीवर बसूनच हिशेब मांडला होता. "अलार्म खोटा. फ्लॅपला काहीही झालेलं नव्हतं. खोट्या अलार्मवर यानाने धावपट्टी सोडली आणि तळ्यात जाऊन बसलं. दोन चुका. बटण दाबलं असतं तर एकही झाली नसती. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट पाठवायचाय." मग सेल्वमकडे वळून, "तुमच्या कॅमेऱ्याला पाणी ओळखता येत नाही?"

"येतं सर. चमकेवरून ओळखतो. इथे चमक नव्हती," सेल्वम म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे येत नाही."

बोलायची वेळ तीच होती. जागेचा कागद माझ्या पिशवीत होता. कॉम्प्युटरमध्ये फक्त नकाशावरचा बिंदू आणि 'जमीन, योग्य' एवढंच गेलं होतं, कुणाची सही गेली नव्हती. मी बोलले नाही. आधी अलार्मचं कळू दे, मग बघू, असं मनाला समजावलं. भित्रा माणूस स्वतःला नेहमी असंच काहीतरी शहाणपणाचं सांगतो.

दसरूकाकाने मॉडेल डोंग्याला आडवं टेकवून काठाला आणलं. पोराला अंघोळ घालून आणावं तसं. आणल्याबरोबर म्हणाला, "याचा एक कान ढिला हाय."

"काय?" सर म्हणाले.

"हा पाहा ना." त्याने डावा फ्लॅप दोन बोटांत धरून हलवला. फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची झडप, ती वर-खाली होऊन यान वळतं. ती खटखट हलत होती. उजवी घट्ट होती.

"पाण्यात आपटल्याने ढिला झाला असेल," सर म्हणाले.

दसरूकाका हसला. "आपटला कुठं साहेब? एक वेल तुटला नाई. पान चिरडलं नाई. असा बसला जसा बगरा बसते. मी तोडूनच राहिलो होतो ना तिकडं, पाहिलं."

आम्ही मॉडेल धावपट्टीवरच्या शेडमध्ये नेलं. आतली मेमरी असलेली पेटी पाणी न शिरणारी होती. लॅपटॉप जोडला. डाव्या फ्लॅपच्या थरथरीचा आलेख उघडला. हेलिकॉप्टरपासून सुटल्यावर थोडा वेळ रेघ शांत होती. मग ती हळूहळू जाडी होत गेली. अलार्म देईपर्यंत ती चांगलीच दातेरी झाली होती. उतरण्याच्या कितीतरी आधी. सांधा उघडला, तर आतला बुश, म्हणजे बिजागरीच्या खिळ्याभोवतीची धातूची नळी, एका बाजूने खाल्ली गेली होती. सहा ड्रॉपमध्ये ती दमली होती आणि आम्ही प्रत्येक वेळी बाहेरून बघून 'ओके' लिहिलं होतं.

सेल्वमने गणित मांडलं. धावपट्टीवर यायला डावीकडे तीव्र वळण घ्यावं लागणार होतं. त्या वळणाचा सगळा भार डाव्या फ्लॅपवर. "सर, मी बटण दाबलं असतं तर वळणात फ्लॅप गेला असता," तो म्हणाला. "आणि मॉडेल गावावर पडलं असतं."

आपटे सरांनी आलेख पुन्हा सुरुवातीपासून बघितला. मग म्हणाले, "अलार्म खरा होता. मान्य." माझ्या डोळ्यात पाणी आलं. सात वर्षांची मेहनत एका रेघेत दिसत होती. यानाला आपलं दुखणं कळलं होतं. आम्हाला, त्याच्या आईबापांना, कळलं नव्हतं.

"पण तळं ते तळं," सर पुढे म्हणाले आणि टाइप करायला लागले. त्यांना मोठ्याने वाचत टाइप करायची सवय होती. "कारण: कॅमेरा सॉफ्टवेअर पाणी ओळखण्यात अपयशी. शिफारस: हे सॉफ्टवेअर दुरुस्त होईपर्यंत ऑटॉनॉमी स्थगित."

सेल्वम खाली बघत होता. स्थगित म्हणजे काय हे आमच्या संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं. स्थगित झालेली गोष्ट कपाटात जायची आणि कपाटातून थेट भंगारात. आणि त्याचं कंत्राट डिसेंबरात संपत होतं.

मी पिशवीतून कागद काढून लॅपटॉपवर ठेवला.

"कॅमेऱ्याला जमीनच सांगितली होती सर. मी. तिथे जमीन आहे असं सही करून लिहून दिलं होतं. वर पानं, खाली जमीन, असंच समजला तो."

सरांनी कागद वाचला. 'स्थानिक माहितीनुसार' या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं.

"तुम्ही याच गावच्या ना?"

"हो."

"ते तळं तुम्हाला माहीत होतं?"

"लहानपण तिथेच गेलं."

"मग?"

"मी उन्हाळ्यातच येते सर."

त्यांनी कागद बाजूला ठेवला. एक ओळ खोडली. पुन्हा टाइप केलं. या वेळी मात्र मोठ्याने वाचलं नाही.

रिपोर्ट गेला. ऑटॉनॉमी राहिली. सेल्वमचं कंत्राट वाढलं, पुढे तो कायम झाला. आठव्या ड्रॉपला कन्सोलवर माझ्या जागी तोच बसला, कारण मला तिथून काढण्यात आलं होतं. आपटे सरांनी शांत आवाजात दुसरं काम दिलं: राखीव जागा पुन्हा तपासायच्या, सगळ्या, पायी. शिक्षाच होती. पण मी दसरूकाकाला सोबत घेतलं आणि चार दिवस बांध्यांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे शेतांच्या कडांवरून, फिरले. धान पिवळा पडायला लागला होता, पाय दवाने भिजायचे. एका जागेशी तो म्हणायचा, "इथं पंधरा दिवसांनी कापनी, मंग मोकरं." दुसऱ्या जागेशी, "हे मोकरं दिसते, पन खाली चिखल हाय, मानूस गुडघाभर जाते." मी लिहून घेत होते. माझ्या आयुष्यातला सगळ्यात अचूक सर्व्हे आहे तो.

तिसऱ्या दिवशी पाळीवर बसून त्याच्या घरचे उकडलेले शिंगाडे खाताना मी म्हटलं, "काका, एवढी बोडी मी विसरले कशी?"

"इसरली कुठं? तू सुक्या बोडीलेच ओरखतेस आतं." तो साल काढत होता. "बाबूजी दर दिवारीले शिंगाडे न्यायचा माह्याकडून. मनायचा, लहानी आली तं खाईल. मंग सुकून जात तं परत आनून बोडीत टाके."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. बाबूजींनी फोनवर कधी 'ये' म्हटलं नाही. काम कसं चाललंय एवढंच विचारायचे. मी पदर डोळ्यांना लावला आणि दसरूकाका दुसरीकडे बघायला लागला. आमच्याकडची माणसं तोंडाची फटकळ असतात, पण असं दुसरीकडे बघायचं त्यांना बरोबर कळतं.

आठवा ड्रॉप धावपट्टीच्या मधल्या रेघेवर उतरला. मी लांबून, फाटकाशी उभी राहून बघितला. छान होता.

आमच्या जागा-तपासणीच्या फॉर्ममध्ये त्यानंतर एक कॉलम वाढला: 'कोणत्या महिन्यात पाहिली?' नवीन मुलंमुली तो बघून हसायची, हे कुठल्या बाबूचं डोकं म्हणून. मी कधी सांगितलं नाही. शिकण्यासारखं एवढंच: सेन्सर खोटं बोलला असं म्हणण्याआधी, त्याला आपण काय सांगून ठेवलंय ते एकदा बघावं. आणि सहीखाली महिना लिहावा.

घरी मी तो कॉलम गावासाठीही भरून पाहिला. पंचवीस वर्षांत मे, फक्त मे. गावाचे अकरा महिने बघायचे राहिले होते. निवृत्त झाल्यापासून सात पाहून झाले आहेत.